रस्ता कुणाचा, नळ कुणाचा, आणि पाणीपट्टी भरायची की नाही?

वाचकाचं पत्र

मॅडम, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, फाट्यापासून तीन किलोमीटर आत आहे. मागच्या उन्हाळ्यात जलजीवनची पाइपलाइन टाकायला आमच्या गल्लीतला सिमेंट रस्ता मधोमध फोडला. घरोघरी तोट्या बसवल्या, पण नव्या लाइनला अजून थेंब आला नाही. खोदलेला चर मातीनं बुजवला होता, तो पावसात खचला. जुन्या लाइनला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तेही अर्धा तास. सुरुवातीचं पाणी गढूळ असतं, वास मारतं. फाट्यापासूनचा डांबरी रस्ता उखडला, म्हणून एसटी गावात येणं बंद झालं.

सरपंचांना विचारलं तर म्हणतात, फाट्याचा रस्ता आमच्याकडं नाही, झेडपीचा आहे, आणि नवी योजना अजून आमच्या ताब्यात आली नाही. पंचायत समितीत गेलो तर साहेब म्हणाले, ग्रामपंचायतीला विचारा. ठेकेदार फोन उचलत नाही. आता सगळी गल्ली म्हणते, पाणीपट्टी कुणीच भरायची नाही. सरपंच माझे चुलत सासरे लागतात. मी काही बोलले की घरात तोंडं वाकडी होतात. वावरात जायच्या पांदणीचंही रडगाणं आहेच. हे काम नेमकं कुणाचं, ते सांगा. आणि पाणीपट्टी भरू की नको?

उत्तर

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी घ्या. पाणीपट्टी भरा, पावती घ्या आणि ती पावती जपून ठेवा. राग गिळा असं मी म्हणत नाही. तुमचा राग योग्य आहे. पण तो काढायची जागा पाणीपट्टी नाही, आणि का नाही ते मी पुढे सांगते.

आता "काम कुणाचं" हे बघू. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की तुम्हाला जे जे उत्तर मिळालं, त्यातलं बरंचसं खरं असू शकतं. सरपंच म्हणतात फाट्याचा रस्ता झेडपीचा, ते बहुधा खरं आहे. योजना ताब्यात आली नाही, हेही खरं असेल. साहेब म्हणाले ग्रामपंचायतीला विचारा, तेही गल्लीच्या रस्त्यापुरतं खरंच. तुम्ही "आमच्या गावचं पाणी आणि रस्ता" म्हणून एकच गाऱ्हाणं घेऊन गेलात. सरकारदरबारी ती चार वेगळी कामं आहेत आणि चारही वेगवेगळ्या दप्तरांत बसतात. एकत्र तक्रार नेली की प्रत्येकाला आपल्याकडं नसलेल्या तुकड्यावर बोट ठेवून मोकळं होता येतं. पंचायत समितीच्या टेबलाजवळ मी हे वर्षानुवर्षं पाहिलं आहे. बायाबापडे दिवसाची मजुरी पाडून येतात, तोंडी बोलतात, तोंडी उत्तर घेऊन परत जातात, आणि कुठल्याच कागदावर काही उमटत नाही.

गावातला प्रत्येक रस्ता आणि प्रत्येक नळयोजना कुणाच्या तरी नोंदवहीत लिहिलेली असते. ती नोंद आधी शोधा, म्हणजे वाद घालायचं कामच उरत नाही.

गल्लीतला रस्ता

गावठाणातले अंतर्गत रस्ते आणि नाल्या ग्रामपंचायतीच्या. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 45 आणि त्याला जोडलेली पहिली अनुसूची यांत ग्रामपंचायतीची कामं दिली आहेत. गावातले रस्ते, नाल्या, पिण्याचं पाणी सगळं त्यात आहे. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना 23 नावाची नोंदवही असते, ताब्यातल्या रस्त्यांची. घराच्या आकारणीचा नमुना 8 गावात सगळ्यांना पाठ असतो, पण नमुना 23 कुणी उघडायला लावत नाही. तुम्ही लावा. तुमच्या गल्लीचा सिमेंट रस्ता त्यात आहे का, किती लांबीचा लिहिला आहे, तेवढं पाहून या.

पण इथं एक पेच आहे. रस्ता ग्रामपंचायतीचा असला तरी तो फोडला ठेकेदारानं, नळयोजनेच्या कामात. अशा कामाच्या अंदाजपत्रकात पाइप टाकल्यावर रस्ता पूर्ववत करण्याची बाब साधारणपणे वेगळी लिहिलेली असते. ती तुमच्या योजनेत आहे का, असेल तर किती मीटरची, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे त्या बाबीचं बिल निघालं का, हे विचारा. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे सगळे जिला एमबी म्हणतात तिच्यात, इंजिनिअरनं रस्ता दुरुस्त झाल्याची नोंद केली असेल आणि तुमच्या गल्लीत चर तसाच खचलेला असेल, तर प्रश्न दुरुस्तीपुरता राहत नाही. न केलेल्या कामाचे पैसे उचलले गेले, असा त्याचा अर्थ होतो. बिल निघालं नसेल तर ठेकेदाराचे पैसे अजून अडकलेले आहेत आणि त्याला काम करायला लावणं सोपं आहे. फोन न उचलणारा ठेकेदार थांबलेल्या बिलाचं नाव निघालं की गावात येतो.

हा चर नुसता मातीनं बुजवणं आपल्याकडच्या काळ्या जमिनीत का चालत नाही, हेही समजून घ्या, म्हणजे कुणी "बुजवला होता, पावसानं गेला" म्हणालं तर उत्तर देता येईल. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, भेगा पडतात. तिच्यात पाइप टाकताना खाली-वर रेती किंवा मुरूम, वरून थराथरानं भरून दाबणं आणि मग वर काँक्रीट, असं करावं लागतं. निव्वळ काळी माती लोटली तर पहिल्याच पावसात ती बसते. पुढच्या उन्हाळ्यात जमीन हलली की पाइपाचे जोड उघडतात. म्हणजे आज रस्ता नीट बुजवला नाही तर उद्या नळही फुटतो. तुमच्या गल्लीत रस्ता आणि पाणी ही एकच तक्रार आहे ती याच अर्थानं.

नवी योजना आणि तिचं हस्तांतरण

आता ताब्याचं बघू. गावापुरत्या नळयोजना सहसा जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग करतो आणि मोठ्या प्रादेशिक योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. काम पूर्ण झालं, चाचणी झाली, की योजना ग्रामपंचायतीच्या ताब्यात दिली जाते. त्याला हस्तांतरण म्हणतात. ते होईपर्यंत गळती, अपुरी जोडणी, खचलेला चर ही त्या विभागाची आणि त्याच्या ठेकेदाराची जबाबदारी. हस्तांतरणाच्या कागदावर सही झाली की सगळं ग्रामपंचायतीच्या गळ्यात. मोटार जळली तरी ग्रामपंचायत, पाइप फुटला तरी ग्रामपंचायत.

म्हणून तुमचे चुलत सासरे "ताब्यात आली नाही" म्हणतात, ती गोष्ट गावाच्या बाजूची आहे. तिचा उपयोग करून घ्या. घाईनं ताबा घेऊ नये, हाच आग्रह ग्रामसभेत धरा. सगळ्या घरांना पाणी पोचलं, फोडलेले रस्ते पूर्ववत झाले, शेवटच्या टोकाच्या घरातली तोटी उघडून पाहिली, मगच सही. गावाला "हर घर जल" जाहीर करायला ग्रामसभेचा ठराव लागतो. तो ठराव कोरड्या तोट्यांवर होऊ देऊ नका. वाचून दाखवलेल्या ठरावावर हात वर करायची आपल्याकडं सवय आहे. त्या दिवशी गल्लीतल्या बायांनी उभं राहून आमच्या तोटीला पाणी नाही, असं नोंदवून घ्यावं.

जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं. त्यातला ठरलेला हिशेब माणशी दिवसाला 55 लिटर आहे. घरात सहा माणसं असली तर 330 लिटर. 15 लिटरचा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, धरला तर रोजचे 22 गुंड. घरातल्या कॅलेंडरवर रोज लिहून ठेवा: नळ आला की नाही, किती वाजता, किती गुंड भरले, पाणी कसं होतं. गल्लीतल्या आणखी चार घरांनाही लिहायला सांगा. महिनाभराची ती पानं झेरॉक्स करून अर्जाला जोडली की "पाणी वेळच्या वेळी सोडतो" या उत्तरापुढं तुमच्याकडं आकडा असतो.

जुनी लाइन आणि गढूळ पाणी

नवी योजना कुणाचीही असो, जुनी ग्रामपंचायतच चालवते. त्यामुळे आठ दिवसांनी पाणी का, याचं उत्तर ग्रामपंचायतीनं आणि गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीनं द्यायचं आहे. बोअर आटला, मोटार नादुरुस्त, विजेचं बिल थकलं, की वरच्या भागात व्हॉल्व्ह उघडा राहतो? यातलं नेमकं काय, ते नाव घेऊन विचारा. टंचाई असेल तर ग्रामपंचायतीनं ठराव करून पंचायत समितीमार्फत तहसीलदारांकडं खासगी विहीर अधिग्रहणाची किंवा टँकरची मागणी करायला हवी होती. ती केली का, कधी केली, तेही विचारा.

गढूळ, वास मारणाऱ्या पाण्याला मात्र मी सगळ्यात आधी हात घालीन. आठ दिवस लाइन रिकामी राहते. रिकाम्या पाइपात दाब नसतो, आणि जोड जिथं उघडला असेल तिथून नालीचं पाणी आत ओढलं जातं. नळ सुटला की तेच आधी तुमच्या गुंडात येतं. नव्या लाइनसाठी खोदताना जुन्या पाइपाला धक्का लागला असण्याची दाट शक्यता आहे. चर खचला आहे तिथं, नालीजवळ, जमीन ओली राहते का ते नळ आल्यावर बघून ठेवा.

प्रत्येक गावात पाण्याचे नमुने घेणारा जलसुरक्षक असतो आणि जलजीवनमध्ये पाणी तपासणीच्या किटवर गावातल्या पाच महिलांना शिकवायचं असतं. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण, ते शोधा. एखादीला आपलं नाव त्या यादीत आहे हेही माहीत नसेल. किटनं तपासायला सांगा, आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवायला ग्रामपंचायतीला लेखी कळवा. टाकीत ब्लिचिंग पावडर टाकतात का, हे जलसुरक्षकाला विचारा. तोवर सुरुवातीचं पाणी पिण्यासाठी भरू नका, पुढचं गाळून उकळून घ्या. घरात लहान लेकरू असेल तर यात हयगय नको.

एक वेगळी सूचना खास तुमच्या जिल्ह्यासाठी. यवतमाळच्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आढळलं आहे. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी पिण्याचं नाही. लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसत असतील तर नमुना पाठवताना फ्लोराइडची तपासणी मुद्दाम मागा. गावात हापशी असेल तर तिचंही पाणी तपासून घ्या.

(अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांनी लक्षात घ्यावं की तुमच्याकडं चित्र वेगळं आहे. जमिनीतलं पाणी खारं म्हणून तिथं धरणावरून प्रादेशिक योजना आल्या, जशी वान धरणावरची 84 खेडी योजना. अशा योजनांत गावापर्यंत पाणी आणणारी यंत्रणा एक आणि गावात वाटणारी ग्रामपंचायत, असे दोन हात असतात. गावच्या टाकीत पाणी पडतं का, हे आधी पाहा. टाकीत पडत नसेल तर तक्रार वरच्या यंत्रणेकडं. टाकी भरते पण घरी येत नसेल तर ग्रामपंचायतीकडं.)

फाट्याचा रस्ता

प्रत्येक रस्त्याला दर्जा आणि क्रमांक असतो. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडं. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग हे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडं. कागदावर प्रजिमा, इजिमा, ग्रा.मा. असं लिहितात. तुमचा तीन किलोमीटरचा रस्ता बहुतेक ग्रामीण मार्ग असेल. झेडपीच्या बांधकाम उपविभागात गावाचं आणि फाट्याचं नाव सांगितलं की क्रमांक मिळतो. पुढच्या प्रत्येक अर्जात "आमच्या गावचा रस्ता" न लिहिता तो क्रमांक लिहा. क्रमांक दिला की अर्ज दुसऱ्या टेबलाकडं ढकलणं अवघड जातं.

त्याआधी फाट्यावर उभं राहून एक फलक शोधा. रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून किंवा मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतून झाला असेल तर तिथं माहितीचा फलक असतो: रस्त्याचं नाव, लांबी, ठेकेदार, काम पूर्ण झाल्याची तारीख. या रस्त्यांची देखभाल, दुरुस्ती काम पूर्ण झाल्यापासून 5 वर्षं त्याच ठेकेदारानं करायची असते, ते करारातच असतं. तारीख 5 वर्षांच्या आतली निघाली तर "निधी नाही" हे उत्तर चालत नाही. फलकाचा फोटो काढा, तारीख वाचता येईल असा. फलकच गायब असेल तर गावाच्या सीमेवरचाही बघा, दोन्ही टोकांना लावलेले असतात.

रस्ता का उखडला, त्याचाही फोटो घ्या. डांबरी रस्त्याचा वैरी पाणी. कडेचे चर बुजले, मोरी तुंबली, साइडपट्ट्या खचल्या की पाणी रस्त्यावरच थांबतं आणि खालची काळी माती मऊ पडते. वरून रेतीचे टिप्पर गेले की गिट्टी मोकळी होते. नुसते खड्डे बुजवून मागू नका, चर आणि मोरी मोकळी करून मागा. नाहीतर पुढच्या श्रावणात तोच चिखल.

एसटीसाठी आगारप्रमुखांना वेगळा अर्ज द्या आणि रस्त्यामुळं फेरी बंद झाल्याचं त्यांच्याकडून लेखी मागा. शाळेच्या मुली पायी जात असतील तर मुख्याध्यापकांचं पत्रही घ्या. हे दोन कागद बांधकाम विभागाच्या अर्जाला जोडले की त्याचं वजन वाढतं.

पाणीपट्टी का भरायची

ज्या कलम 45 नं ग्रामपंचायतीवर ही कामं टाकली, त्याच कलमानं एक अटही घातली आहे: ग्रामनिधी पुरेल तिथवर. तुमच्या गल्लीनं पाणीपट्टी बंद केली तर उद्या ग्रामपंचायत म्हणेल की वसुलीच नाही, मोटारीचं बिल कुठून भरू? आणि ते कायद्यात बसेल. आज तुम्ही विचारू शकता की आमचे पैसे गेले कुठं. थकबाकीदार झालात की हा प्रश्न तुमच्या तोंडून निघतो तेव्हाच समोरचा वही उघडून दाखवतो. शिवाय पाणीपट्टी ही कायद्यानं वसूल करता येणारी बाकी आहे, ती बुडत नाही, साचते.

आणखी एक गोष्ट, जी गल्लीत कुणी सांगितली नसेल. मागणीचं बिल हातात पडल्यावर 3 महिन्यांत कर भरला नाही तर तो माणूस ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायला अपात्र ठरू शकतो. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत. तुमचं पत्र वाचून मला वाटलं की उद्या तुमच्याच गल्लीतून कुणी उभी राहावी. तिचा अर्ज थकबाकीवरून बाद व्हायला नको.

पाणीपट्टी भरताना हिशेब मात्र मागा. 15व्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातल्या निधीचा 60 टक्के भाग बंधित होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. महाराष्ट्रात या निधीतला 80 टक्के वाटा थेट ग्रामपंचायतींना ठरलेला होता. तुमच्या ग्रामपंचायतीनं तो कशावर खर्च केला, हे ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून पाहता येतं. घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा. "नळ दुरुस्ती" म्हणून काही खर्च दिसला तर ती दुरुस्ती गावात कुठं झाली ते बघायला जा.

अर्ज कसा लिहायचा

लांबलचक लिहू नका. एका अर्जात एकच विषय. गल्लीच्या रस्त्याचा अर्ज साधारण असा:

"प्रति, उपअभियंता, ग्रामीण पाणीपुरवठा उपविभाग. विषय: नळयोजनेसाठी फोडलेला सिमेंट रस्ता पूर्ववत करणेबाबत. आमच्या वॉर्डातील (इथं कुणाच्या घरापासून कुणाच्या घरापर्यंत ते लिहा) सुमारे (इतके) मीटर रस्ता पाइपलाइनसाठी फोडला असून अद्याप दुरुस्त केलेला नाही. चर खचल्यामुळे जाण्या-येण्यास धोका आहे व पिण्याच्या पाण्यात घाण मिसळण्याची शक्यता आहे. अंदाजपत्रकातील रस्ता दुरुस्तीची बाब, तिचे मोजमाप व देयकाची स्थिती कळवावी आणि काम कोणत्या तारखेपर्यंत होईल ते लेखी द्यावे. सोबत फोटो. प्रत: सरपंच, गटविकास अधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद."

खाली गल्लीतल्या जमतील तितक्या सह्या आणि अंगठे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

महिन्याभरात उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार वापरा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. महाराष्ट्रात या अर्जालाही एकच विषय आणि साधारण 150 शब्दांची मर्यादा आहे. "रस्ता का केला नाही" असं विचारू नका. "का"ला कागद नसतो. अंदाजपत्रकाची प्रत, कार्यादेशाची प्रत, एमबीची प्रत, दिलेल्या देयकांची प्रत, एवढंच मागा. 30 दिवसांत माहिती द्यावी लागते, नाही दिली तर तिथंच पहिलं अपील.

ग्रामसभा आणि घरातली तोंडं

वर्षाला चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा कमी तेवढी हजेरी लागते. त्याच्या आधी महिलांची वेगळी सभा व्हायला हवी. अनेक गावांत ती रजिस्टरवरच होते, सह्या घरोघर फिरून घेतात. तुमच्या गावात ती खरोखर भरवायला लावा. बचत गटाच्या बाया एकत्र गेल्या तर ती भरते. तिथं दोनच ठराव मांडा: रस्ते पूर्ववत झाल्याशिवाय आणि प्रत्येक तोटीला पाणी आल्याशिवाय योजनेचा ताबा घेऊ नये, आणि पाण्याचे नमुने तपासून निकाल फळ्यावर लावावा. ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहून झाला का, ते उठण्याआधी वाचून बघा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं, म्हणजे आपल्या ग्रामसेवकाकडं, नकलेचा अर्ज टाका.

आता सासऱ्यांचं. मामाजींशी घरात, जेवणाच्या वेळी, चुलीपाशी हा विषय काढू नका. तिथं तुम्ही सून आहात, आणि त्यांना तुमचं ऐकून घेतलं तरी कमीपणा वाटेल. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जा, बचत गटातल्या दोघी-तिघींना घेऊन. अर्ज आधी त्यांच्या हातात द्या, झेडपीत पाठवण्याच्या आधी. त्यांना सांगा, "मामाजी, हा अर्ज तुमच्या विरोधात नाही. ठराव झाला तर साहेबांपुढं तुमचंच वजन वाढेल." आणि हे खरं आहे. एकटा सरपंच उपअभियंत्यापुढं उभा राहतो तेव्हा त्याला चहा पाजून परत पाठवतात. ग्रामसभेचा ठराव, शंभर सह्या आणि खचलेल्या चराचे फोटो घेऊन गेलेल्या सरपंचाला उत्तर द्यावं लागतं. बहुतेक सरपंच वाईट नसतात, एकटे पडलेले असतात. त्यांनी पहिली सही केली तर घरातली अर्धी कुरबुर तिथंच संपेल. नाही केली तर त्यांचं नाव न घेता, कुणावर आरोप न करता, अर्ज पुढं पाठवा. त्यात लपवण्यासारखं काहीच नाही, आणि नवऱ्याला आधीच वाचून दाखवलेलं असू द्या.

पांदण

पांदणीचा रस्ता ना नळयोजनेशी जोडा, ना फाट्याच्या रस्त्याशी. तो महसूलचा विषय. असलेली पांदण कुणी नांगरून किंवा काटे टाकून अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडं अर्ज. रस्ताच नसेल आणि धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, नवा हवा असेल तर जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 143. दोन्हींसाठी गाव नकाशाची नक्कल काढा. आपल्या विदर्भात आणखी एक जुना कागद मदतीला येतो, वाजिब-उल-अर्ज. गावच्या वहिवाटीचे, येण्याजाण्याचे हक्क त्यात नोंदलेले असतात. तलाठ्याकडं किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात त्याची नक्कल मागा. पांदण त्यात सापडली तर समोरच्याचा "इथं रस्ता कधी नव्हताच" हा मुद्दा निकाली निघतो. पांदणीतलं अतिक्रमण निघालं की मग मातीकाम आणि खडीकरणासाठी ग्रामपंचायतीला आराखड्यात नाव घालायला सांगा, त्याआधी नाही. अडलेल्या रस्त्यावर मुरूम टाकायला गेलं की भांडणं डोक्यापर्यंत जातात.

हे सगळं एकदम हाती घेऊ नका. या आठवड्यात पाण्याचा नमुना आणि गल्लीच्या रस्त्याचा अर्ज, एवढंच. नमुना 23 बघून या, फाट्यावरच्या फलकाचा फोटो काढा. झेडपीकडून जे काही लेखी उत्तर येईल त्याचा फोटो मला पाठवा, उडवाउडवीचं असलं तरी. पुढचा अर्ज कुणाकडं करायचा ते त्या उत्तरावरच्या सहीवरून ठरवू.